दांडीतला काचेचा मासा

जानेवारीतले पाच दिवस मी पालघर, बोईसर आणि दांडी या भागात काढून आले. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, समुद्र कसा होता?" समुद्र छान होता. पण मी समुद्रासाठी गेले नव्हते, आणि जे पाहून आले ते काउंटरवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

संगमनेरला आमचं चष्म्यांचं दुकान आहे. नंबर काढण्याचं काम यजमानांकडे, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं माझ्याकडे. दिवसभर काच हाताळून माणसाला काचेचा कंटाळा यायला हवा. माझं उलट झालं. गेली वीसेक वर्षं मी जुनी झाकेची काच गोळा करते. साच्यात दाबून काढलेली जाड काच, आणि ती गरम असतानाच तिच्यावर चढवलेली रंगीत झाक. डबक्यात रॉकेलचा थेंब पडला की पाण्यावर जे रंग पसरतात, तेच रंग. पेला हातात फिरवला की रंगही फिरतात. आपल्याकडे फिरोजाबादेत असे पेले, वाडगे, फुलदाण्या खूप बनायच्या आणि लग्नात आहेर म्हणून दिल्या जायच्या. गोळा करणारे लोक तिला कार्निव्हल काच म्हणतात. माझ्या सासूबाई "रॉकेलची भांडी" म्हणायच्या.

या काचेत एक माशाच्या आकाराची फुलदाणी असते. वीतभर उंचीची. मासा शेपटीवर उभा, तोंड आ करून वर, त्या तोंडात फुलं ठेवायची. माझ्याकडे असे दोन मासे आहेत, दोन्ही साध्या पांढऱ्या काचेवर नारिंगी झाक असलेले. पिवळट हिरव्या काचेचा मासा मात्र मी फक्त फोटोत पाहिला होता. तसा एक पालघरकडे आहे, असं एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी फोनवर सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात मी निघाले.

पालघर

हे वडील म्हणजे सावेकाका. निवृत्त पोस्टमन, वय ऐंशीच्या आसपास, पाठ अजून ताठ. कोळगावच्या जिल्हा कार्यालयांच्या मोठमोठ्या पांढऱ्या इमारती मागे टाकून पुढे गेलं की त्यांची लहानशी वाडी लागते. काकूंनी जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, थापताना हाताचा आवाज गल्लीत ऐकू जातो. ही तांदळाची भाकरी अगदी गुपचूप होते. पांढरी, मऊ, कडेला जरासुद्धा चीर नाही. मी तीन खाल्ल्या आणि चौथीला लाजले.

जेवण झाल्यावर काकांनी सुपारी कातरायला घेतली.

"मासा दांडीला हाय," ते म्हणाले. "मी पत्रं वाटायचो तवाची गोष्ट. एका घरी मनीऑर्डर घेऊन गेलो. बाई अंगठा उठवायला आत शाई आणायला गेली, आणि मला आतली फळी दिसली. फळीवर मासा. दारातलं ऊन पडलं तर पिवळा, मी आडवा आलो की सावलीत हिरवा."

उन्हात पिवळा आणि सावलीत हिरवा, म्हणजे काच तीच.

"पण भिंतीकडं तोंड करून ठेवलेला," काका म्हणाले. "शोभेची वस्तू अशी पाठमोरी कोण ठेवतं? मी विचारलं, बाय, हा असा का? तर तिनं पैसे घेतले आणि दार लावून घेतलं. पुढं बारा वर्सं मी त्या घरी जात होतो. परत कधी तिनं दार पुरं उगडलं नाय."

"तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

"नको," ते पटकन म्हणाले. मग स्वतःलाच ते जरा विचित्र वाटलं असावं. "गुडघे दुखतात," असं त्यांनी जोडून दिलं. दुपारभर ते वाडीत माझ्यापुढे भराभरा चालत होते.

बोईसर

दांडीला जाण्याआधी एक दिवस बोईसरला काढला. नवीन गावी गेले की मी आधी भंगारवाले गाठते. लोकांनी घरातून काय काढून टाकलं आहे ते तिथे कळतं. बोईसरच्या भंगारात कारखान्यांचाच माल जास्त, पिंपं, पाइप, जळालेल्या मोटारी. तरी एका दुकानात कोपऱ्यात काचसामानाचं खोकं निघालं. मालक शकीलभाई मूळचे उत्तर प्रदेशचे.

"फिरोजाबाद का माल है मॅडम, एकदम पुराना," असं म्हणत त्यांनी एक जांभळा वाडगा पुढे केला. वाडगा अगदी नवा होता आणि झाक नखाने निघत होती. पण त्याच्याखाली खरोखरच जुना, द्राक्षांची नक्षी असलेला एक पेला सापडला. कड थोडी उडालेली. मी तो घेतला आणि सवयीने पर्समधली बॅटरी काढून त्यावर मारली.

या बॅटरीबद्दल सांगायला हवं. दिसायला ती पेनासारखी आहे, पण तिचा उजेड जांभळा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. दुकानात चष्म्याच्या काचेवरचा लेप दाखवायला आम्ही ती वापरतो. जुन्या काळी काचेला पिवळट हिरवा रंग यावा म्हणून तिच्यात चिमूटभर युरेनियम घालत. अशा काचेवर हा उजेड पडला की ती हिरवीगार पेटल्यासारखी दिसते. ती जवळ बाळगून कुणाला काही होत नाही. गोळा करणाऱ्यांमध्ये ती ओळखण्याची ही साधी खूण आहे.

द्राक्षांचा पेला पेटला नाही. पण खोक्याच्या तळाशी पडलेली एक कान तुटलेली वाटी एकदम हिरवी झाली. वजन करायला आलेले दोन कामगार वाकून बघत होते. त्यातला एक झटकन मागे सरला.

"ये क्या है? प्लांट का है क्या?"

त्याला जवळचा अणुवीज प्रकल्प म्हणायचं होतं. मी हसले. शकीलभाई हसले नाहीत. त्यांनी ती वाटी फडक्यात गुंडाळून खोक्याखाली सरकवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ये लाइट इधर ज़्यादा मत दिखाइए. इधर लोग अलग सोचते हैं."

मी मान डोलावली. संध्याकाळी स्टेशनजवळ लिट्टी-चोखा खाल्ला, पहिल्यांदाच. निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा आणि वांग्याचं भरीत, आमच्या भरतापेक्षा मोहरीच्या तेलाचा झणका जास्त. त्या झणक्यात शकीलभाईंचं बोलणं मी विसरून गेले. आता वाटतं, तेवढं लक्षात ठेवायला हवं होतं.

दांडी

दांडीला पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. गावभर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. वारा आला की ते सगळे एकदम हलतात आणि कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. मला तो आवाज आवडला नाही. किनाऱ्यावर जरा पुढे गेलं की लांब त्या अणुवीज प्रकल्पाच्या इमारती दिसतात. दांडीची माणसं तिकडे बघतसुद्धा नाहीत, आमच्या गल्लीत आम्हाला पाण्याची टाकी, तशा त्यांना त्या.

काकांनी सांगितलेलं घर लगेच सापडलं. पडवीत चाळिशीची एक बाई सुकट निवडत बसली होती. ती सून, सुरेखा. बोलायला मोकळी. रोज सकाळी पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकते, आज सुट्टी घेतलेली. नवरा होडीवर गेलेला. मी काचेचं नाव काढताच तिने आत हाक मारली, "आई, तुमच्या माशाला बगायला कोन आलंय!"

आतून हिराबाई आल्या. लहानखुऱ्या, काळ्यासावळ्या, नाकात मोठी नथनी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

"कुठून आयलीस, बाय?"

"संगमनेरहून, आजी."

"समुद्र हाय का तिकडं?"

"नाही. नदी आहे."

त्यांनी बिचारीच आहे अशा नजरेने माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला सांगितलं. चहाबरोबर भाजलेला सुका बोंबील आला. आमच्याकडे चहाबरोबर बिस्कीट असतं. मी एक तुकडा चहात बुडवायला निघाले तेव्हा सुरेखा इतकी हसली की तिच्या हातातल्या सुपातली सुकट सांडली. मग आम्ही तिघी सुकट गोळा करत बसलो, आणि तिथेच हिराबाई बोलत्या झाल्या.

मासा विकत घेतलेला नव्हता. तो जाळ्यात आला होता.

"चाळीस वर्सं झाली. माझा घोव तवा डोल जाळं टाकायचा," त्या म्हणाल्या. "एकदा बोंबलांबरोबर हा वर आला. खालचं सगळं मेलेलं, आणि हा मधे उभा. काचेचा. होडीतले सगळे म्हनाले, टाक परत, आपला नाय तो. त्यानं ऐकलं नाय. अंगरख्यात गुंडाळून मला आनून दिला. म्हनाला, तुला कदी काय आनलं नाय मी."

"आणि मग?"

"पुढच्या वर्सी होडी गेली ती गेली. चार जन होते. तिगांचं कलेवर मिळालं. त्याचं नाय."

सुरेखाने ही गोष्ट कैक वेळा ऐकली असणार, तरी तिचे हात थांबले होते.

"म्हणून तुम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलंत?" मी विचारलं.

"भिंतीकडं नाय गो," हिराबाई म्हणाल्या. "त्या भिंतीपलीकडं समुद्र हाय. तो समुद्राकडं बगतो."

आतली खोली लहान आणि भर दुपारीही अंधारी होती. खिडकी नव्हती. फळीवर मासा होता. सुरेखाने तो उचलून माझ्या हातात दिला. काच बर्फासारखी गार. एका अंगाची झाक समुद्राने घासून नेली होती, दुसऱ्या अंगावर ती शाबूत होती, खवल्याखवल्यात जांभळी आणि सोनेरी. मला आयुष्यात इतकी हाव कधी सुटली नव्हती.

आणि मी बॅटरी काढली. बढाई मारायची होती, दुसरं काही नाही. त्यांच्या घरात काय आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि मला आहे, एवढंच दाखवायचं होतं.

मासा पेटला. मी पूर्वी पाहिलेले नग बाहेरून उजळायचे. हा पोटातून उजळला. आधी पोट, मग कल्ले, आणि शेवटी डोळ्यांचे दोन उंचवटे. साच्यात डोळ्यांपाशी काच जाड असते म्हणून तसं झालं असेल. खोलीच्या भिंती हिरव्या झाल्या. हिराबाईंचं तोंड हिरवं झालं.

"डोले उगडले," त्या हळूच म्हणाल्या.

सुरेखा दारापर्यंत मागे गेली होती. "ताई, काय हाय त्या काचेत?"

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. काचेतला रंग आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी दुकानदार बाई, विचारलं की सांगायची सवय.

"युरेनियम," मी म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या गावात हा शब्द कुणाला कळला नसता. इथे शेजारच्या पडवीतल्या बायकांनाही कळला. दोघी उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, त्या तिथूनच वळल्या. मी बॅटरी विझवली. यात काही धोका नाही, अगदी थोडं असतं, जुन्या काळी सगळीकडे घालत होते, असं मी बोलत राहिले आणि सुरेखा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने मासा माझ्या हातातून घेतला नाही. शेवटी मीच तो फळीवर ठेवला, आणि गडबडीत त्याचं तोंड घराकडे झालं. हिराबाईंनी उठून तो नीट फिरवला.

वाणगाव

दुसऱ्या दिवशी वाणगावला एका शेतकऱ्याकडे झाकेचा वाडगा बघायला गेले. वाडगा फुटून गेल्याला दोन वर्षं झाली होती, हे त्याने फोनवर सांगितलं नव्हतं. त्याऐवजी त्याने हिरव्या मिरच्यांनी पिशवी भरून दिली. वाणगावची मिरची लांबसडक, आमच्या मिरचीहून सौम्य, पण पिशवीत हात घालून तोच हात मी डोळ्याला लावला आणि अर्धा तास बांधावर रडत बसले.

स्टेशनकडे परतताना रिक्षावाला म्हणाला, "ताई, दांडीचं ऐकलं काय?"

"काय?"

"एका घरान मासा पेटला. पोटात प्रकल्पाची वस्तू होती त्याच्या. सरकारची बाई मशीन घेऊन आली होती तपासायला. तिनं मशीन लावलं तर घर हिरवं झालं. म्हातारी आंधळी हाय ना, तिचे डोले उगडले म्हनतात."

मिरचीमुळे माझे डोळे अजून लाल होते. आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "तुमी भिऊ नका. आपन त्या बाजूचे मासे घेत नाय आता."

अजून चोवीस तासही झाले नव्हते, आणि त्या गोष्टीतली बाई मी होते. मी मिरच्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. उतरताना त्याने पिशवी खाली ठेवायला मदत केली आणि सांभाळून जा म्हणाला.

संध्याकाळी बोईसरच्या लॉजवर पोचले तर खाली बाकावर सुरेखा बसलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तोंड गाठ मारून बंद केलेलं. मी दांडीला दुकानाचं कार्ड देऊन आले होते आणि बोलताना लॉजचं नावही सांगितलं होतं.

"आज पाटी तशीच परत आनली," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती. "पापलेट होते, ताजे. गिऱ्हाईक येतं, बगतं, आनि विचारतं, तू दांडीची ना? बाजूच्या बायांनीपन माज्यापासून पाट्या लांब घेतल्या. वीस वर्सं एका रांगेत बसतो आमी."

"सुरेखा, मी सांगते ना सगळ्यांना..."

"तुमी काय सांगनार? तुमीच सांगितलं." तिने पिशवी माझ्याकडे ढकलली. "घेऊन जा. पैसे नको. तुमाला हवा होता ना? आईला ठाव नाय. ती निजली तवा काडला. हरवला म्हनून सांगीन."

मला तो हवा होता. इतकी वर्षं हवा होता. मी उगाच म्हणाले, "बघ, विचार कर," पण माझे हात पिशवीखाली कधीच गेले होते. ती उठून गेली. मी खोलीत आले, दार लावलं, आणि मासा टेबलावर ठेवला.

खिडकीतून मावळतीचं ऊन येत होतं. त्यात तो पिवळा दिसत होता, अगदी सावेकाका म्हणाले तसा. मी एवढी खूश होते की मला स्वतःची लाज वाटली. बेसिनपाशी नेऊन त्याचा बुडाकडचा शिक्का बघावा म्हणून उपडा केला, तर तोंडातून काहीतरी सुटून माझ्या तळहातावर पडलं.

भाताची शितं. पाच-सहा. ओली, मऊ, त्याच दुपारची.

मी बोट आत घातलं. घशाशी आणखी दोन-तीन चिकटलेली होती. पोटात मात्र काहीच नव्हतं, आतून काच लख्ख. म्हणजे रोज भरवायचं आणि रोज धुवायचं. चाळीस वर्षं हिराबाई त्याला भरवत होत्या. आणि आज दुपारीही, सगळं गाव तोंड फिरवून बसलेलं असताना, त्यांनी त्याला जेवायला घातलं होतं.

मी मासा पुसून टेबलावर ठेवला. नंतर लक्षात आलं की तो दाराकडे बघतोय. पुन्हा उठून मी त्याचं तोंड पश्चिमेला केलं आणि मग मला झोप लागली.

पुन्हा दांडी

सकाळी पहिली रिक्षा करून गेले. सुरेखाने मला पिशवीसकट बघितलं आणि कपाळावर हात मारला. आत हिराबाई रिकाम्या फळीसमोर बसलेल्या. रडत नव्हत्या, शोधतही नव्हत्या. हातात भाताची वाटी होती.

"आयला तो?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी मासा फळीवर ठेवला, नीट, समुद्राकडे तोंड करून. मग बाहेर येऊन सुरेखाला म्हटलं, "शेजारच्या बायांना बोलाव. बाजारातल्या जेवढ्या ओळखीच्या आहेत तेवढ्यांना. जे बिघडलं ते मी बिघडवलंय, मला निस्तरू दे."

तासाभरात आठ-दहा बायका जमल्या. कुणी उंबरा ओलांडेना. मग मी त्यांना मासा दाखवलाच नाही. शेजारच्या, जाळी ठेवायच्या मांगराचं दार लोटून अंधार केला आणि आधी माझ्या स्वतःच्या पांढऱ्या ओढणीवर बॅटरी मारली. ओढणी निळीपांढरी पेटली. एक बाई किंचाळली.

"ही साबणाची पावडर," मी म्हणाले. "कपड्यांना चमक यावी म्हणून घालतात ती. आता तुमचं बघू."

सुरेखाचा पदर पेटला. कुणाच्या तरी परकराची लेस पेटली. मी पर्समधली नोट काढली, तिच्यावरचे आकडे आणि बारीक धागे चमकले. मग एका जाडजूड मावशीला म्हटलं, "मावशी, हसा." त्या हसल्या आणि त्यांचे दात अंधारात एकटेच लखलखले. मग जे हसू फुटलं ते थांबेना. मला हसव, माझ्यावर मार, म्हणून ओढाताण सुरू झाली. एकीच्या तोंडात कवळी होती, ती पेटली नाही, त्यावरून तिची सगळ्यांनी खेचली.

"बगा, माझ्या लुगड्यात प्रकल्प हाय म्हनायचा!" मावशी ओरडल्या.

मग मी त्यांना काचेचं सांगितलं, सावकाश, आधी सांगायला हवं होतं तसं. माझ्या घरी अशा काचेच्या सहा वाट्या आहेत, त्यांतल्या दोन स्वयंपाकघरात आहेत, असंही सांगितलं. ते खरं आहे. दुपारी सुरेखा पाटी घेऊन निघाली तेव्हा मावशी तिच्याबरोबर होत्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या पाटीतला पहिला पापलेट उचलला. पुढचं मला फोनवर कळलं. दोन दिवस गिऱ्हाईक कमी होतं, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखं.

त्याआधी एक गोष्ट घडली.

बायका पांगल्या, सुरेखा पाटी भरायला पडवीत गेली, तेव्हा हिराबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"परत लाव तो उजेड."

"आजी, नको."

"लाव गो. काळोख्या रातीला पानी पेटतं आमचं, ठाव हाय तुला? वल्हं मारलं की हिरवं होतं. तो गेला तवा मी किनाऱ्यावर होते. होडी दिसत नव्हती. होडीखालचं पानी तेवढं पेटलेलं दिसत होतं, लांब जात होतं. असाच उजेड होता. दुसरा कुटला नाय."

मी बॅटरी लावली. मासा पोटातून उजळला, मग कल्ले, मग डोळे. हिराबाईंनी वाटीतलं एक शीत घेऊन त्याच्या तोंडात सोडलं. मग त्या त्याच्याशी बोलल्या. त्यांच्या बोलीतलं मला अर्धंच कळलं, आणि कळलं तेही इथे लिहिणार नाही. घरातल्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या. सुनेबद्दल, छपराबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल.

माझा हात अवघडला होता. मी बॅटरी बंद केली.

ही काच उजेड साठवून ठेवत नाही. बॅटरी विझली की त्याच क्षणी काच विझते. मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि दुकानात लोकांना समजावूनही सांगितलं आहे. खोलीत खिडकी नव्हती. दाराला फट नव्हती. बॅटरी माझ्या मुठीत होती आणि माझा अंगठा बटणावर नव्हता.

मासा विझला नाही.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी त्या उजेडात हिराबाईंच्या हातावरच्या शिरा पाहिल्या, वाटीतला भात पाहिला, आणि माझी स्वतःची मूठ पाहिली, घट्ट मिटलेली. हिराबाईंना त्यात काही नवल वाटत नव्हतं. त्यांनी शेवटचं शीत भरवलं, पदराच्या टोकाने माशाचं तोंड पुसलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "नीज आता."

आणि खोली काळीकुट्ट झाली.

मी चाचपडत दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं, मांडवांवर बोंबील हलत होते. सुरेखा पडवीत पाटीवर ओलं फडकं पसरत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक.

"ताई," तिने विचारलं, "खरं सांगा. काय नाय ना त्यात?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."